मरियामातेचे पाखरू : एका नामकरणाचा इतिहास

उत्पत्तीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर माणसावर दोन कामे सोपवितो. पहिले काम एदेन बागेची मशागत व राखण करण्याचे आणि दुसरे, समोर आणलेल्या प्रत्येक प्राण्याला नाव देण्याचे. ही दोन कामे पवित्र शास्त्राने एकाच अध्यायात, एकापाठोपाठ सांगावीत यात मोठा अर्थ आहे. ज्याची आपल्याला ओळख नाही त्याची राखण आपण करू शकत नाही आणि ओळखीची पहिली पायरी म्हणजे नाव. मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' या दोन शब्दप्रयोगांत अंतर एका मात्रेचे. परंतु पहिल्यात माया आहे, दुसऱ्यात तुच्छता. किड्यामुंग्यांच्या बाबतीत आपण बहुधा दुसरेच काम करतो. 'किडा' हा शब्दच आपण शिवीसारखा वापरतो.

म्हणून आज एका अगदी लहान किड्याच्या नावाचा इतिहास वाचकांसमोर ठेवावा असे मनात आले. या इतिहासात मरियामाता आहे, येशूच्या अंगावर सैनिकांनी घातलेला तांबडा झगा आहे, मृत्यूच्या दारातून परतलेला एक धर्मगुरू आहे आणि दूरच्या बेटावर आयुष्य वेचलेला एक मिशनरी आहे. एवढे सगळे तुरीच्या डाळीएवढ्या जीवाच्या पाठीवर मावले आहे.

तुरीच्या डाळीएवढा जीव

पावसाळा सरल्यावर चवळी, वाल, भेंडी यांच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा पडतो. हिरवट किंवा काळपट रंगाचे ते बारीक किडे दाटीवाटीने बसून झाडाचा रस शोषतात. पाने आकसतात, चिकट होतात, शेंडा मान टाकतो. त्या गर्दीत नीट निरखून पाहिले तर एखादा तांबडा वा नारिंगी, चकचकीत, काळ्या ठिपक्यांचा जीव फिरताना दिसतो. वरून घुमटासारखा, खालून सपाट. अगदी तुरीच्या डाळीचा दाणा. शेतीविषयक पत्रकांतून त्याला 'ढालकिडा' म्हणतात. इंग्रजी शाळेत जाणारी मुले 'लेडीबर्ड' म्हणतात.

हा भुंगेऱ्यांच्या मोठ्या गणातला आहे. भुंगेऱ्यांचे पुढचे दोन पंख टणक होऊन त्यांचे झाकण बनलेले असते. उडण्याचे नाजूक पंख त्या झाकणाखाली घडी घालून ठेवलेले असतात. ढालकिड्यांच्या सुमारे ६,००० जाती जगभर आढळतात. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध जात सात ठिपक्यांची. तिची लांबी ५ ते ८ मिलिमीटर. तिच्या दोन्ही पंखझाकणांवर तीन तीन ठिपके असतात आणि सातवा ठिपका दोन्ही झाकणे जिथे मिळतात तिथे, अर्धा इकडे व अर्धा तिकडे असा. ही जात युरोपात आहे तशीच आपल्या देशातही आहे. ठिपक्यांवरून किड्याचे वय कळते अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. ठिपके जातीप्रमाणे ठरतात, वयाप्रमाणे वाढत नाहीत.

मादी आपली पिवळी, लांबट अंडी पानाच्या मागच्या बाजूस पुंजक्याने उभी चिकटविते आणि तीही माव्याच्या शेजारी, म्हणजे पिल्लांचे अन्न पाळण्याजवळच मांडून ठेविते. थोड्याच दिवसांत अंड्यांतून अळ्या निघतात. या अळीचे आणि तिच्या आईचे रूपाने काहीच साम्य नाही. ती काळपट, लांबोडकी, सहा पायांची असून तिच्या अंगावर नारिंगी ठिपके असतात. एखादी इवलीशी मगरच जणू. चार अवस्थांतून वाढताना ती शेकडो मावे फस्त करते, मग पानाला चिकटून कोषात जाते आणि सुमारे आठवड्याने भुंगेरा होऊन बाहेर पडते. त्या वेळी तिचा रंग फिकट पिवळा असतो, अंगावर एकही ठिपका नसतो. काही तासांत रंग चढतो, ठिपके उमटतात. कोणी डिवचले तर हा किडा पायांच्या सांध्यांतून पिवळा, कडू, उग्र वासाचा द्रव सोडतो. त्याचा भडक रंग म्हणजे पक्ष्यांना दिलेली ताकीदच आहे.

भुंगेरा झाल्यावरही त्याचे खाणे तेच राहते. शेतकऱ्याने न पेरलेला, न पाळलेला, मजुरी न मागणारा हा राखणदार आहे. ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या आधी शेतकऱ्यांनी ओळखली आणि तिच्यातून त्याचे पहिले नाव जन्माला आले.

कृतज्ञतेचे नाव

इंग्रजीतील 'लेडीबर्ड' या शब्दातील 'लेडी' म्हणजे कोणी सामान्य बाई नव्हे. ती 'अवर लेडी', म्हणजे आपली मरियामाता. 'अवर लेडीज बर्ड', मरियामातेचे पाखरू, असे ते मूळ नाव. धर्मसुधारणेच्या वादळात इंग्लंडातील कितीतरी मरियामंदिरे ओस पडली, प्रतिमा फोडल्या गेल्या. परंतु शेतातल्या या पाखराच्या नावातली मरियामाता कोणाला काढता आली नाही. आज हा शब्द उच्चारणाऱ्या बहुतेकांना त्यात कोण दडले आहे हे ठाऊकही नसते.

लोकपरंपरा अशी सांगते की, पिकांवर किडीचा घाला पडला तेव्हा शेतकऱ्यांनी मरियामातेचा धावा केला आणि ही तांबडी पाखरे आली. जुन्या चित्रांत मरियामातेचा झगा अनेकदा तांबडा रंगविलेला असे. त्या झग्याचा रंग भाविकांना किड्याच्या पाठीवर दिसला. सात ठिपक्यांत त्यांनी मरियामातेचे सात आनंद आणि सात दुःखे वाचली. ही कथा कोणत्या गावी, कोणत्या वर्षी घडली याचा दाखला नाही आणि ती इतिहास म्हणून सांगण्याचा आग्रहही कोणी धरू नये. नावे मात्र खरी आहेत आणि ती युरोपभर विखुरलेली आहेत. जर्मन भाषेत हा किडा 'मारियनकेफर', म्हणजे मरियेचा भुंगेरा. डॅनिश लोक त्याला मरियेची कोंबडी म्हणतात. स्पॅनिश 'मारिकिता' हे मरियेचेच लाडके रूप आहे. फ्रेंच शेतकऱ्याने त्याला देवबाप्पाचे जनावर म्हटले, डच माणसाने प्रिय प्रभूचे जनावर म्हटले. रशियन आणि आयरिश भाषांत तो देवाची गाय झाला. हिब्रू भाषेत आपल्या गुरू मोशेची गाय.

वाचकहो, या यादीकडे एकदा नीट पाहा. भाषा निराळ्या, पंथ निराळे, धर्मही निराळे. पण इतक्या दूरदूरच्या लोकांना या चिमुकल्या जीवाकडे पाहून परमेश्वराची, त्याच्या मातेची किंवा त्याच्या सेवकाची आठवण झाली. रशियन, आयरिश आणि यहुदी माणसाला त्याच्यात गाय दिसली हेही लक्षणीय आहे. गाय म्हणजे घराला पोसणारी. ही नावे विद्वानांनी ठेवलेली नाहीत. उपकार ओळखणाऱ्या, हाताला घट्टे पडलेल्या माणसांनी ती ठेविली. कृतज्ञता हेच या नामकरणाचे मूळ.

विद्वानांचे नाव

इ. स. १७५८ मध्ये स्वीडनचे कार्ल लिनियस यांनी आपल्या 'सिस्टिमा नातुरे' या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्राणिसृष्टीला द्विनाम पद्धती लावली: एक नाव घराण्याचे, एक त्या जातीचे. लिनियस हे एका ल्युथरन पाळकाचे पुत्र. या ठिपकेवाल्या किड्यांना त्यांनी 'कॉक्सिनेला' हे नाव दिले आणि पुढे ठिपके मोजून जातींची नावे ठेविली: दोन ठिपक्यांची, पाच ठिपक्यांची, सात ठिपक्यांची. सातासाठी तर त्यांनी शब्दही लिहिला नाही, सरळ आकडाच घातला. जुन्या काळचे गुरुजी हजेरी घेताना दिसावेत तशी ही पद्धत.

'कॉक्सिनेला' हे नाव लॅटिनमधील 'कोक्किनेउस', म्हणजे किरमिजी तांबडा, या शब्दापासून आले. ज्यांनी सेमिनरीत लॅटिन बायबलचा अभ्यास केला आहे त्यांच्या कानाला हा शब्द ओळखीचा वाटेल. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सैनिक येशूची वस्त्रे काढून थट्टेने त्याच्या अंगावर झगा घालतात. त्या झग्याच्या रंगासाठी लॅटिन बायबलने हाच शब्द योजिला आहे. यशया प्रवक्त्याने पहिल्या अध्यायात पापाच्या ज्या गडद रंगाची उपमा दिली, तिथेही लॅटिनमध्ये याच शब्दाचे भावंड आहे.

हा रंग येत असे कुठून? भूमध्य समुद्राकाठच्या ओक झाडांवर राहणाऱ्या, वाटाण्यासारख्या दिसणाऱ्या एका खवलेकिडीपासून. प्राचीन लोकांना ती कीड म्हणजे फळाचा दाणा वाटे, म्हणून लॅटिनमध्ये तिला दाण्याचेच नाव मिळाले. इ. स. १४६४ मध्ये पोप पॉल दुसरे यांनी कार्डिनलांच्या वस्त्रांसाठी हा किरमिजी रंग ठरविला. म्हणजे ढालकिड्याचे शास्त्रीय नाव, कार्डिनलांचा पोशाख आणि प्रभूच्या अपमानाचा झगा हे तिन्ही एका शब्दाच्या धाग्याने जोडलेले आहेत. लिनियस यांच्या मनात एवढे सारे असेलच असे नाही. शब्द मात्र आपली स्मृती बरोबर घेऊन चालतात.

तुरुंगातील धर्मगुरू

लिनियस यांनी जातींना नावे दिली, परंतु ढालकिड्यांचे सबंध कुळ एक आहे हे ओळखून त्या कुळाची नोंद करण्याचा मान एका फ्रेंच माणसाकडे जातो. कीटकशास्त्राच्या ग्रंथांत या कुळाच्या नावापुढे आजही 'लात्रेय, १८०७' असे लिहिले जाते. १८०७ साली ही नोंद होऊ शकली, कारण त्यापूर्वी एका भुंगेऱ्याने लात्रेय यांचे प्राण वाचविले होते.

पिएर आंद्रे लात्रेय यांचा जन्म १७६२ साली फ्रान्समधील ब्रीव्ह या गावी झाला. ते अनौरस संतान होते. पित्याचे नाव त्यांना मिळाले नाही. हितचिंतकांच्या आधाराने ते पॅरिसला शिकले. तिथे स्फटिकशास्त्राचे जनक आणि स्वतः धर्मगुरू असलेले रने झ्युस्त आयुई यांचा स्नेह त्यांना लाभला. १७८६ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. फावल्या वेळेत ते किडे गोळा करीत, त्यांचे पाय, मिशा, मुखांगे तपासून टिपणे काढीत.

१७८९ साली फ्रेंच राज्यक्रांती झाली. पुढच्याच वर्षी धर्मगुरूंनी शासनाशी एकनिष्ठेची शपथ घ्यावी असा कायदा झाला. ज्यांनी ती घेतली नाही ते देशद्रोही ठरू लागले. लात्रेय यांनी शपथ घेतली नव्हती. नोव्हेंबर १७९३ मध्ये त्यांना अटक झाली आणि पुढे बोर्दो शहरात इतर धर्मगुरूंबरोबर कोंडण्यात आले. त्या काळात अशा कैद्यांपुढे दोनच वाटा असत: वधस्तंभ किंवा दूर समुद्रापार हद्दपारी, जी बहुधा मरणाचीच वाट ठरे.

एके दिवशी कैद्यांची तपासणी करण्यास वैद्य आले. त्यांनी पाहिले तो एक कैदी कोठडीच्या जमिनीवर वाकून एक भुंगेरा निरखीत होता. वैद्यांनी विचारले तेव्हा लात्रेय यांनी सांगितले की हा फार दुर्मीळ भुंगेरा आहे. वैद्यांना नवल वाटले. त्यांनी तो भुंगेरा नेऊन बोरी द सें-व्हिन्सेंट या निसर्गाच्या अभ्यासात रमलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला दाखविला. त्या मुलाने लात्रेय यांचे लेखन वाचले होते. तुरुंगात कोण आहे हे कळताच त्याने खटपट केली आणि लात्रेय व त्यांच्या कोठडीतील आणखी एक जण असे दोघे सुटले. उरलेले सोबती महिन्याभरात मृत्यू पावले.

तो भुंगेरा म्हणजे 'नेक्रोबिया रुफिकॉलिस'. सुक्या मांसावर, हाडांवर राहणारा, जेमतेम पाच-सहा मिलिमीटर लांबीचा, निळसर चकाकीचा आणि तांबड्या मानेचा. 'रुफिकॉलिस' म्हणजे तांबड्या मानेचा. 'नेक्रोबिया' हा शब्द मृत्यू आणि जीवन या दोन ग्रीक शब्दांच्या जोडीतून बनला आहे. मरणाच्या कोठडीत जीवन घेऊन आलेल्या किड्याला याहून उचित नाव मिळाले नसते.

या प्रसंगाचा एक तपशील मला विशेष वाटतो. डेन्मार्कचे फाब्रिसियस यांनी १७७५ सालीच त्या भुंगेऱ्याची नोंद करून ठेविली होती. म्हणजे त्याला नाव होते, आणि नाव होते म्हणूनच तो दुर्मीळ आहे हे लात्रेय सांगू शकले. दुसरीकडे, लात्रेय यांचेही नाव त्या मुलाला ठाऊक होते. कोठडीत शेकडो अनामिक कैद्यांपैकी एक असलेला माणूस नावाने ओळखला गेला आणि वाचला. ज्यांची नावे बाहेर कोणाला ठाऊक नव्हती ते त्यांचे सोबती वाचले नाहीत. त्यांचे प्राण लात्रेय यांच्या प्राणांहून स्वस्त होते काय? परमेश्वराच्या दृष्टीने नक्कीच नाही. माणसांच्या राज्यात मात्र निनावी माणसाचा बळी देणे नेहमीच सोपे जाते.

क्रांतीनंतर लात्रेय वेदीच्या सेवेकडे परतले नाहीत. पुढे त्यांनी संसार केला आणि उरलेले आयुष्य कीटकांच्या अभ्यासाला दिले. त्यांचा न्याय करण्याचे काम आपले नाही. १७९६ मध्ये त्यांनी स्वखर्चाने आपला पहिला मोठा ग्रंथ छापला. त्यात कीटकांची नैसर्गिक नात्याप्रमाणे मांडणी केली होती. १७९८ मध्ये त्यांना पॅरिसच्या निसर्गसंग्रहालयात काम मिळाले. प्राध्यापकपद मात्र १८३० साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी हाती आले. तेव्हा, दात गेल्यावर मला भाकर दिलीत, अशा अर्थाचे ते बोलले असे सांगतात. आपल्याकडची चणे आणि दातांची म्हण पॅरिसलाही लागू पडते! १८३३ मध्ये ते निवर्तले. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्यांच्या कबरीवर जो स्तंभ उभा आहे, त्यावर लॅटिनमध्ये त्या भुंगेऱ्याचे नाव कोरून 'लात्रेय यांचा तारणारा' असा त्याचा उल्लेख केला आहे.

कार्डिनल आणि मिशनरी

लात्रेय यांच्यानंतर ढालकिड्यांच्या अभ्यासाची धुरा लियों शहरातील एत्येन म्युल्सां यांनी वाहिली. १८५० साली त्यांनी जगभरच्या ढालकिड्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ऑस्ट्रेलियातील एका चिमुकल्या, तांबड्या-काळ्या किड्याला त्यांनी 'कार्डिनालिस' हे नाव दिले. त्याच काळात आणखी एका ऑस्ट्रेलियन किड्याला त्यांनी एका जिवंत धर्मगुरूचे नाव दिले: 'क्रिप्टोलीमस माँट्रूझिएरी'.

हे फादर झेव्हियर माँट्रूझिए १८२० साली दक्षिण फ्रान्समध्ये जन्मले. ते 'मरियेचा संघ' या मिशनरी संस्थेचे. ही संस्था लियोंच्या परिसरातच उदयास आली आणि १८३६ मध्ये तिला रोमची मान्यता व प्रशांत महासागरातील बेटांचे मिशनक्षेत्र एकदमच मिळाले. ते क्षेत्र अतिशय खडतर होते. १८४५ च्या डिसेंबरात या मिशनचे बिशप एपाल सॉलोमन बेटांवर भाल्या-कुऱ्हाडींच्या हल्ल्यात प्राणास मुकले. अशा भूमीत फादर माँट्रूझिए यांनी शुभवर्तमानाबरोबरच तिथल्या वनस्पती, शिंपले, किडे यांचाही ध्यास घेतला आणि फ्रान्समधील अभ्यासकांकडे नमुने पाठविले. १८९७ साली न्यू कॅलेडोनियात त्यांचे निधन झाले. मरियामातेच्या पाखराच्या कुळातील एका जीवाला मरियेच्या संघातील धर्मगुरूचे नाव मिळावे, हा योग मोठा गोड आहे.

संत्र्यांच्या बागा

ही नावे ग्रंथांतच राहिली असती, तर हा लेख येथेच संपला असता. परंतु १८६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील एक पांढरी, कापसासारखी खवलेकीड रोपांबरोबर कॅलिफोर्नियात पोहोचली. तिथल्या संत्र्यांच्या बागांचे मूळ फ्रान्सिस्कन मिशनमध्ये आहे. सान गॅब्रिएल मिशनच्या फादरांनी १८०४ च्या सुमारास पहिली मोठी संत्राबाग लाविली होती. ऐंशीच्या दशकात या किडीने अशा शेकडो बागा मरणपंथाला लाविल्या. रॉकेल, साबण, विषारी धूर, सारे उपाय थकले. शेतकरी झाडे उपटून जाळू लागले.

१८८८ साली अमेरिकी सरकारने अल्बर्ट कोबेले या कीटकतज्ज्ञास ऑस्ट्रेलियात धाडिले. ॲडलेड येथील एका बागेत त्याला तोच 'कार्डिनालिस' भुंगेरा ती खवलेकीड खाताना आढळला. त्याने पहिल्या तीन खेपांत मिळून १२९ भुंगेरे बोटीने रवाना केले. सर्व खेपा मिळून ५१४. लॉस एंजेलिसजवळ वुल्फस्किल यांच्या बागेतील एका संत्र्याच्या झाडावर तंबू ठोकून त्यात ते सोडण्यात आले. तंबूची बाजू उघडताच ते शेजारच्या झाडांवर पसरले. जून १८८९ पर्यंत १०,५५५ भुंगेरे दोनशेहून अधिक बागायतदारांना वाटून झाले होते. वर्ष-दीड वर्षात किडीचा जोर ओसरला आणि बागा पुन्हा फळल्या.

पण माणसाची स्मृती आखूड. १९४५ नंतर डीडीटी आली आणि संत्र्यांवरील दुसऱ्या किडींसाठी ती सढळ हाताने फवारली गेली. भुंगेरे मेले, खवलेकीड उरली आणि साठ वर्षांपूर्वीचे संकट काही बागांत पुन्हा उभे राहिले. फवारणी आवरून भुंगेरे परत आणल्यावरच ते टळले.

आपल्या वाड्यांत

हाच 'कार्डिनालिस' १९३० च्या आसपास आपल्या देशात निलगिरीच्या डोंगरांत त्याच खवलेकिडीविरुद्ध आणण्यात आला आणि तिथे रुजला. फादर माँट्रूझिए यांच्या नावाचा भुंगेरा त्याहून आधी, १८९८ साली, कॉफीच्या मळ्यांतील किडीसाठी भारतात आला. त्या कामी त्याचा उपयोग झाला नाही. परंतु पिठ्या ढेकूण हे त्याचे आवडते अन्न. आता प्रयोगशाळांतून त्याची पैदास होते आणि आपल्या महाराष्ट्रातील द्राक्षबागांतही तो सोडला जातो.

येथे ओळखीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि या वेळी तो आपल्या दारात. या भुंगेऱ्याची अळी पांढऱ्या मेणकट तंतूंनी झाकलेली असते. ती हुबेहूब पिठ्या ढेकणासारखीच दिसते, फक्त आकाराने मोठी आणि चालण्यात चपळ. ज्याला ओळख नाही तो शेतकरी तिलाच कीड समजून चिरडतो किंवा तिच्यावर औषध मारतो. सात ठिपक्यांच्या ढालकिड्याच्या मगरीसारख्या अळीचेही तेच होते. आईला पाखरू म्हणून आपण कौतुकाने तळहातावर घेतो आणि तिच्या लेकराला विष घालतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. सारेच ठिपकेवाले मित्र नसतात. वांग्याच्या आणि बटाट्याच्या पानांची जाळी करणारा, अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगेरा याच कुळातला आहे. त्याची पाठ चकचकीत नसते; बारीक लव असल्यामुळे ती निस्तेज, तांबूस-पिवळी दिसते. त्याची अळी पिवळी आणि काटेरी असते. फाब्रिसियस यांनी त्यालाही १७७५ सालीच नाव दिले, तेही ठिपके मोजूनच. सगळ्यांना मारणे जसे अज्ञान, तसे सगळ्यांना भोळेपणाने मित्र मानणे हेही अज्ञानच. विवेकाला डोळे लागतात, आणि वेळही.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे आजही भाजीपाला, केळी, फुले यांवर थोडीफार उभी आहेत. बाजारातून औषधाची बाटली आणणे सोपे. पंप पाठीला लावण्यापूर्वी पान उलटून पाहणे कठीण. माव्याशेजारी पिवळ्या अंड्यांचे पुंजके किंवा नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या दिसल्या, तर त्या दिवशी पंप खाली ठेवावा आणि थोडे दिवस वाट पाहावी. शेतीतज्ज्ञही आता हेच सांगतात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात नेमकी हीच जाणीव करून दिली होती. मोठे प्राणी, पक्षी नष्ट झाले की आपण हळहळतो. परंतु सृष्टीचा गाडा चालतो तो बुरशी, गांडुळे, कीटक अशा दृष्टीआड असणाऱ्या असंख्य जीवांच्या आधारावर.

बाप्तिस्म्याच्या विधीत धर्मगुरू मंदिराच्या दारात आईबापांना पहिला प्रश्न विचारतो तो बाळाच्या नावाचा. पाणी नंतर, तेल नंतर, मेणबत्ती नंतर, आधी नाव. कारण परमेश्वर आपल्याला घोळक्याने नव्हे, नावाने हाक मारतो अशी आपली श्रद्धा आहे. जो स्वतः नावाने ओळखला गेला आहे त्याने इतरांनाही नावाने ओळखावे, हा त्याचा धर्म. शेजाऱ्याला, मजुराला, आणि हो, पानाखालच्या त्या राखणदारालाही. युरोपातल्या निरक्षर शेतकऱ्यांनी त्याला आपल्या मातेचे नाव दिले. आपल्या मुलांनी ते मराठीत घ्यायला काय हरकत आहे? या हिवाळ्यात वालाच्या वेलावर ते तांबडे पाखरू दिसले, तर मुलांना जवळ बोलवावे, त्याचे ठिपके मोजू द्यावेत, आणि सांगावे की हे मरियामातेचे पाखरू. याला मारायचे नाही.